बाबांचं कर्ज, दुकानाचं कर्ज आणि आपली सही



गेल्या महिन्यात माझ्या भाचीचा फोन आला. ती लग्न होऊन पुण्याला असते, नोकरी करते. माहेरच्या दुकानावर कर्ज आहे आणि नवीन कागदांवर तिचीही सही हवी, असा निरोप तिला आला होता. "आत्या, घरात माझा वाटा आहे म्हणतात. मग कर्जातही आहे का? बाबांनी काढलेलं कर्ज मी का फेडायचं?"

फोनवर पाच मिनिटांत सांगण्यासारखे हे नव्हते. मी म्हटले, "सही करू नकोस, थांब. लिहूनच पाठवते." बी.कॉम.ला मर्कंटाईल लॉ शिकले तेव्हा तो फक्त पास होण्यापुरता विषय होता. पुढे पनवेलला सासरी आले आणि तोच विषय एक दिवस आमच्या ओसरीवर येऊन बसला. ती हकीकतही सांगते, पण आधी थोडे मागे जाऊ या. खूप मागे.

आपल्याकडे घराच्या मिळकतीचा कायदा ज्या ग्रंथावर उभा आहे तो म्हणजे मिताक्षरा. याज्ञवल्क्यस्मृतीवरची ही टीका विज्ञानेश्वराने चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात कल्याणीला लिहिली. हे कल्याण म्हणजे लोकल गाडीचे कल्याण नव्हे, कर्नाटकातले आजचे बसवकल्याण. मुंबई आणि उत्तर कोकणात याच्या जोडीला आणखी एक ग्रंथ चाले, नीलकंठ भट्टाचा व्यवहारमयूख. हे भट्ट घराणे मूळ आपल्या पैठणचे, पुढे काशीला गेलेले. ग्रंथ सतराव्या शतकातला.

या जुन्या ग्रंथांत कर्जाचा विचार किती बारकाईने केला आहे ते वाचून मी थक्क झाले. एकत्र घरातल्या कुणीही कुटुंबासाठी कर्ज काढले आणि तो वारला किंवा परदेशी गेला, तर मिळकत घेणाऱ्या सर्वांनी ते फेडायचे. इथे सगळा भार 'कुटुंबासाठी' या शब्दावर आहे. बापाचे कर्ज मुलाने व्याजासह फेडायचे, नातवाने फक्त मुद्दल द्यायचे आणि पणतूकडे मिळकत आली नसेल तर त्याला मोकळे सोडायचे. पण बापाने दारू, जुगार, बाहेरख्यालीपणा यासाठी काढलेले कर्ज किंवा त्याचा न भरलेला दंड मुलावर नाही. जामीनकीतही फरक केला आहे. "हा माणूस हजर राहील" किंवा "हा विश्वासाचा आहे" एवढाच जामीन बाप राहिला असेल तर मुलगा मोकळा. "याने नाही दिले तर मी देईन" असा जामीन असेल तर मुलगाही बांधलेला.

आणि आपल्यासाठी महत्त्वाचे म्हणजे नवऱ्याचे किंवा मुलाचे कर्ज बाईवर नाही. तीन अपवाद आहेत. तिने स्वतः कबूल केलेले, नवऱ्याबरोबर मिळून काढलेले आणि तिने स्वतः काढलेले. उलट बायकोचे कर्जही एरवी नवऱ्यावर नाही. पण गवळी, धोबी, नट, दारू विकणारे, पारधी यांच्या बायकांचे कर्ज नवऱ्याने फेडायचे, कारण त्या घरांची रोजीरोटी बायकांच्या कष्टावर चालते. शेकडो वर्षांपूर्वी कुणाच्या तरी हे लक्षात आले होते, याचे मला फार कौतुक वाटते.

आता एक शंका माझ्या मनात नेहमी येते, ती इथेच सांगते. मुलाने बापाचे कर्ज का फेडायचे? तर कर्ज राहिले की बापाचा आत्मा परलोकी अडकतो आणि मुलगा ते फेडून त्याला सोडवतो, अशी त्या शास्त्राची समजूत. कोर्टाच्या भाषेत याला मुलाचे पवित्र कर्तव्य म्हणतात. आपल्या जैन शिकवणीत हे बसत नाही. ज्याचे कर्म त्याने भोगायचे, मुलगा बापाचे कर्म फेडू शकत नाही. तरी कायद्याने आपल्याला वेगळे धरले नाही. मुंबई हायकोर्टाने 1873 साली एका दत्तकाच्या खटल्यात सांगितले की वेगळी रूढी सिद्ध झाली नाही तर जैनांना सर्वसाधारण हिंदू कायदाच लागू. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यातही बौद्ध, जैन, शीख यांची नावे घालूनच तो आपल्याला लावला आहे.

मग आपण उधारी का बुडवू नये? त्याचे उत्तर आपल्याकडे वेगळ्या जागी आहे. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात गृहस्थाचे पस्तीस गुण सांगितले, त्यात पहिलाच गुण न्यायाने मिळवलेले धन. पूजा नाही, उपवास नाही, आधी पैसा कुठून आला ते पाहा. दुसऱ्याचे पैसे ठेवून घेतले तर ते धन न्यायाचे राहत नाही. बापासाठी म्हणून नाही, स्वतःसाठी म्हणून फेडायचे.

पुढची गोष्ट इंग्रजी अमलातली. मुंबई इलाख्यातली कोर्टे जुने वचन शब्दशः धरत. बापाने मागे काही ठेवले नसले तरी कर्ज मुलाच्या मानेवर. मुलगा हातावर पोट भरणारा असला तरी सुटका नाही. म्हणून 1866 साली मुंबई सरकारने कायदा केला, 1866 चा सातवा. मुलगा, नातू किंवा वारस यांनी वडिलांकडून जेवढी मिळकत आली तेवढ्यापुरतेच कर्ज द्यायचे, त्याच्या वर नाही. मात्र आलेली मिळकत कुठे गेली याचा नीट हिशेब देता आला पाहिजे.

याच कायद्यात एक कलम आपल्या बायकांसाठी होते. जुन्या शास्त्रात मेलेल्याची बायको जो करील त्याने त्या मेलेल्याचे कर्ज द्यायचे असे म्हटले होते. 1856 साली विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याने मान्यता मिळाली खरी, पण विधवेशी लग्न करणाऱ्याच्या गळ्यात आधीच्या नवऱ्याचे कर्जही पडणार असेल तर कोण पुढे येईल? 1866 च्या कायद्याने दुसऱ्या नवऱ्याला त्यातून सोडवले. समाजसुधारणेच्या पुस्तकांत हे कलम फारसे भेटत नाही, पण मला ते मोठे वाटते.

कायदा झाला, पण खेड्यात तो पोचायला वेळ लागतो. बाप गेला की मुलाला बोलवायचे आणि जुन्या बाकीचे नवे खत त्याच्या नावाने लिहून घ्यायचे, ही सावकारीतली नेहमीची रीत. एकदा मुलाने अंगठा उठवला की ते बापाचे कर्ज राहिले नाही, त्याचे स्वतःचे झाले. मग 1866 चा कायदा त्याला काय वाचवणार? 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोक उठले. दुकाने लुटली, खते आणि वह्या जाळल्या. पुढे नगर जिल्ह्यातही हे लोण गेले. ज्यांच्या वह्या जळल्या त्यांत मारवाडी आणि गुजराती सावकार होते, आपल्याच समाजातलेही होते. हे लिहिताना मला अवघड वाटते, पण टाळणेही बरे नाही. धान्य चाळून खाणारी, पाणी गाळून पिणारी माणसे आपण, व्याज मात्र गाळले नाही.

सरकारने चौकशी केली आणि 1879 साली दक्षिणेतल्या शेतकऱ्यांसाठी कायदा आणला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर हे जिल्हे आधी. खतावर लिहिलेला आकडा पाहून कोर्टाने थांबायचे नाही, व्यवहाराच्या सुरुवातीपासूनचा हिशेब उघडायचा, असे त्यात ठरले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून गावोगाव काम पाहिले. आपल्या इलाख्यात दामदुपटीचा जुना नियमही होताच. व्याज साठून मुद्दलाएवढे झाले की त्यापुढे एकावेळी मागता येत नाही.

हे झाले शेतकऱ्याचे. व्यापारी घराचे काय? तिथे प्रश्न वेगळा, कारण दुकान उधारीवरच चालते. हंगामात माल घ्यायला पैसे उचलायचे, माल विकून परत करायचे. घरातल्या प्रत्येकाची सही घेत बसले तर दुकान कसे चालेल? 1861 साली मुंबईच्या कोर्टापुढे असाच प्रश्न आला. निकाल असा की वडिलोपार्जित धंदा ही घराची मिळकतच आहे आणि धंद्यासाठी लागणारे कर्ज काढण्याचा कर्त्याला अधिकार आहे. घरातल्या अज्ञान मुलाचा वाटाही त्या कर्जाला बांधला जातो. एरवी कायदा लहान मुलाला जपतो, पण इथे सगळ्या घराच्या भल्यासाठी त्याचे संरक्षण थोडे कमी केले.

1880 साली मुंबई हायकोर्टाने आणखी स्पष्ट केले की घराचा धंदा ही करार करून केलेली भागीदारी नव्हे. भागीदार मेला की भागीदारी मोडते, घरातला एकजण गेला म्हणून घराचे दुकान मोडत नाही. 1932 च्या भागीदारी कायद्याच्या पाचव्या कलमात हेच आले आहे. परीक्षेला हमखास विचारत.

म्हणजे नियम असा ठरला. धंद्याचे कर्ज कर्त्यावर पूर्ण, अगदी त्याच्या स्वतःच्या मिळकतीपर्यंत. इतरांवर मात्र घराच्या मिळकतीतल्या त्यांच्या वाट्यापुरते. त्यांचा स्वतंत्र पगार, स्वतः घेतलेली जागा, स्त्रीधन, याला हात लागत नाही. पण कुणी स्वतः सही केली, व्यवहारात स्वतः भाग घेतला किंवा मागाहून मान्यता दिली, तर तोही पूर्ण अडकला. अज्ञान मुलाने सज्ञान झाल्यावर "हो, मला मान्य" म्हटले तर तोही.

आणि कर्त्याने घराच्या पैशावर एखादा नवीनच धंदा काढला तर? 1922 साली प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की कर्त्याला नव्या धंद्याची जोखीम अज्ञान मुलांवर टाकता येत नाही. चालत आलेले दुकान वेगळे आणि नवा डाव वेगळा.

आता आमची ओसरी. पनवेल म्हणजे तेव्हा तांदळाचे आणि धान्याचे गाव. आमचेही वडिलोपार्जित धान्याचे दुकान आणि मागे वखार. सासरे गेल्यावर मोठे दीर, भाईजी, कर्ते झाले. 1996 साली त्यांनी दुकानाच्या नावावर पैसे उचलून ट्रक घेतले. दोन वर्षांत ते बुडाले. देणेकरी दुकानात येऊन बसू लागले. त्यांत एक मोठा वित्तपुरवठा करणारा होता आणि बाकी गावातली माणसे. दुकानाचे नाव पाहून ठेव ठेवणारी. एक विधवा बाई होत्या, त्यांनी मुलीच्या लग्नाचे पैसे आमच्याकडे ठेवले होते. त्या यायच्या, पाणी प्यायच्या, काही न बोलता बसायच्या आणि जायच्या. तो दाराशी बसलेला चेहरा मी अजून विसरले नाही.

ओळखीचे जुने वकील होते. त्यांनी तेच सांगितले जे मी वर लिहिले. ट्रकचा धंदा नवीन होता. माझा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा, त्याच्या वाट्यासाठी भांडता येईल. माझे यजमान गप्प होते. सासूबाई आतून ऐकत होत्या. त्या शाळेत चौथीपर्यंत गेलेल्या. बाहेर येऊन त्यांनी एवढेच विचारले, "त्या बाईनं पैसे कुणाकडे बघून दिले? ट्रककडे बघून, का दुकानाकडे?"

कुणाला उत्तर देता आले नाही. वखार विकायची ठरली. गावातल्या ठेवी आधी दिल्या, त्या बाईंच्या सर्वांत आधी. दुकान राहिले, पण निम्म्यावर आले. माझ्या मुलीला मुंबईच्या कॉलेजला घालायचे होते, ते राहिले. ती पनवेललाच शिकली. तिने कधी बोलून दाखवले नाही, मला मात्र अधूनमधून सलते.

मग तो मोठा पुरवठादार मुदत वाढवून द्यायला तयार झाला. अट एकच, तिन्ही सुनांनी हमीपत्रावर सही करायची. कागद माझ्यापुढे आला तेव्हा मी तो पूर्ण वाचला. आमच्या घरात असे कुणी करत नसे. जिथे बोट दाखवतील तिथे सही. मला करार कायद्याचे 128 वे कलम आठवत होते. जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच. म्हणजे आजपर्यंत वाट्यापुरते असलेले कर्ज सहीनंतर माझ्या बांगड्यांपर्यंत, माझ्या माहेरच्या पैशांपर्यंत येणार. शास्त्रात सांगितलेला पहिलाच अपवाद हा होता, बाईने स्वतः कबूल केलेले. मी सही केली नाही.

त्यानंतर मोठ्या जाऊबाई माझ्याशी वर्षभर बोलल्या नाहीत. त्यांनी सही केली होती. नंतर त्यांचे दागिने गेले, माझे राहिले. स्त्रीधनाबद्दल याज्ञवल्क्य म्हणतो की दुष्काळात, धर्मकार्यात, आजारात किंवा नवरा कैदेत अडकला तर त्याने ते वापरले तरी परत देण्याचे बंधन नाही. धंदा बुडाला हे त्या यादीत नाही. पुढे मी माझ्या हाताने दोन बांगड्या मोडून घरखर्चाला दिल्या. पण ते मी दिले. हमीपत्राने नेले नाही. संवत्सरीला मी जाऊबाईंकडे गेले आणि मिच्छामि दुक्कडं म्हटले. त्याही म्हणाल्या. तेव्हापासून आम्ही बोलतो. पण तो विषय काढत नाही.

बाईची सही आणि घराचे कर्ज या विषयावर आपल्या विदर्भातला एक निकाल आहे. एका विधवा आईने आपल्या दोन अज्ञान मुलांची पालक म्हणून घराच्या गरजेसाठी वचनचिठ्ठी लिहून दिली. मुलांना ते कर्ज लागू की नाही? 1947 साली नागपूर हायकोर्टाने सांगितले, लागू. घर तीच चालवत होती, तिने गरजेसाठी काढलेले कर्ज मुले नाकारू शकत नाहीत. पुढे 1965 साली सुप्रीम कोर्टाने मात्र सांगितले की विधवा ही सहदायाद नाही, म्हणून ती कर्ता होऊ शकत नाही. घर चालवायचे तिने, कर्तेपण मात्र नाही. कितीतरी घरांत हेच चालत आले आहे.

आता शेवटचा भाग, जो माझ्या भाचीचा आहे. महाराष्ट्राने 1994 सालीच मुलींना घराच्या मिळकतीत जन्माने हक्क दिला, पण तो कायदा येण्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. 9 सप्टेंबर 2005 पासून देशभर मुलीला मुलासारखाच हक्क मिळाला, लग्न झालेले असो वा नसो. 11 ऑगस्ट 2020 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितले की यासाठी वडील 2005 साली हयात असण्याची अट नाही. दिल्ली हायकोर्टाने 2015 मध्ये थोरल्या मुलीला कर्ता होण्याचा हक्कही मान्य केला.

पण 2005 च्या त्याच कलमात पुढे दोन गोष्टी आहेत, त्या कुणी वाचत नाही. एक, मुलीला हक्क आहेत तशा जबाबदाऱ्याही मुलाइतक्याच आहेत. दोन, त्या तारखेनंतर काढलेल्या कर्जासाठी केवळ 'पवित्र कर्तव्य' म्हणून मुलगा, नातू, पणतू यांच्यावर कोर्ट वसुली लावणार नाही. त्याआधीच्या कर्जाला जुनाच नियम. केरळने तर 1976 पासून एकत्र कुटुंबाची ही पद्धतच कायद्याने बंद केली. आपल्याकडे ती आहे आणि तिच्याबरोबर घराच्या धंद्याच्या कर्जाचा जुना नियमही आहे.

तेव्हा बाळा, तुझे उत्तर असे. घराच्या धंद्यासाठी बाबांनी काढलेल्या कर्जाला घराच्या मिळकतीतला तुझा वाटा लागू आहे. तुझा पगार, तुझा फ्लॅट, तुझे दागिने लागू नाहीत. आलेला कागद कसला आहे ते आधी बघ. तू वारस आहेस एवढेच त्यात लिहिले असेल तर वेगळी गोष्ट. 'हमीदार', 'सहकर्जदार' किंवा 'जामीन' असा शब्द असेल तर सहीनंतर सगळेच लागू. हक्कसोडपत्रही घाईने करू नकोस. भावावर उपकार म्हणून मुली ते सहज करतात, पण कर्जाच्या तारखा पाहून, वकिलाला दाखवूनच ते करावे. आणि एवढे पाहून झाल्यावर, दुकानाकडे बघून कुणी गरिबाने ठेव ठेवली असेल तर तिची चौकशी कर. ते कायद्याने तुझ्यावर किती येते ते नंतर मोज.

दिवाळीला, भगवान महावीरांच्या निर्वाणाच्या दिवशी, आपण नव्या वहीच्या पहिल्या पानावर गौतमस्वामी आणि शालिभद्र यांची नावे घालतो, भरभराट मागतो. आमच्या घरी वखार विकल्यापासून सासूबाईंनी एक पद्धत पाडली. पूजेच्या आधी जुन्या वहीतले देणे मोठ्याने वाचायचे, सगळ्यांसमोर, सुना आणि मुलींसमोरही. त्या गेल्या, पण आम्ही अजून वाचतो. कुणाचे किती द्यायचे आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असते. तुमच्याही घरी करून बघा.

या लिखाणात काही चुकले असेल तर मिच्छामि दुक्कडं.